गाण्यात 'सारखी' किती वेळा चालेल? चादर, माग आणि अलंकारांचा घोळ

कडकभाकरी

नमस्कार मंडळी. संक्रांतीच्या आत एक गाणं रेकॉर्ड करायचंय. विषय आपलं सोलापूर. यंत्रमाग कामगाराचं घर, बाप मागावर, आई घरी विड्या वळते. चाल तयार आहे, ठेका केहरवा. शब्दांपाशी गाडी अडलीय. मुखडा आणि अर्धा अंतरा सध्या असा आहे:

सोलापुरी चादरीसारखी आईची माया,
उन्हासारखा बाप माझा, पाण्यासारखी काया

ताण्यासारखा धावे बाप इकडून तिकडे,
काळजाच्या समुद्रात वणवा हा भडके

अडचणी अशा. पहिली ओळ चालीत बसते, पण गाणाऱ्याला धाप लागते. उपमा जरा जास्त झाल्यात असं वाटतंय, पण त्या काढून तिथे काय घालू ते सुचत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर चार मात्रा धरायचाय. आणि 'माग' या शब्दावर कुठेतरी श्लेष करायची फार इच्छा आहे (हातमागाचा माग आणि माग काढण्यातला माग). तो कुठे आणि कसा बसवावा?

शाळेतल्या व्याख्या पाठ आहेत, त्या नकोत. गाण्यात काय चालतं ते सांगा.

लघुगुरू

आधी धाप का लागते ते बघू. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, असं धरून मोजलं तर पहिल्या ओळीत 27 मात्रा भरतात, दुसरीत 28. ('उन्हा'मधला उ लघुच धरायचा. मराठीत न्ह, म्ह, ल्ह यांच्या आधीच्या अक्षरावर आघात येत नाही. 'तुम्ही'चंही तसंच.) दोन ओळी मिळून 55. त्यातलं सारखी-सारखा-सारखी दर खेपेला पाच, म्हणजे 15 मात्रा. मुखड्याचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग नुसत्या साम्यवाचक शब्दाने खाल्लाय, आणि त्या शब्दात चित्र काहीच नाही. धाप तिथेच लागते.

साम्य दाखवणारे शब्द मात्रांच्या हिशोबाने लावून बघा. सारखी 5, वाणी 4, जशी, परी आणि जणू प्रत्येकी 3, गत आणि सम 2. 'सम' पुस्तकी आहे, कामगाराच्या घरात शोभत नाही. 'चादरीगत' मात्र आपल्याकडच्या बोलण्यातलं आहे आणि तीन मात्रा वाचवतं. फक्त 'जणू' टाकलात की ती उपमा राहत नाही, उत्प्रेक्षा होते. उपमेत दोन गोष्टी शेजारी-शेजारी उभ्या असतात, उत्प्रेक्षेत एक ही दुसरीच आहे की काय असं वाटायला लागतं. त्यामुळे 'जणू'ची ओळ थोडी स्वप्नाळू होते. बापाच्या कष्टाला ती मानवेल का, हे तुम्ही ठरवा.

आता दुसरी गोष्ट. उपमेचे चार भाग असतात: उपमेय (आईची माया), उपमान (चादर), साधारण धर्म (ऊब), साम्यवाचक शब्द (सारखी). तुमच्या मुखड्यातल्या तिन्ही उपमांत साधारण धर्म गाळलाय. आई आणि चादर म्हटलं की ऊब न सांगता कळते, तिथे चाललं. 'पाण्यासारखी काया' म्हणजे काय पण? निर्मळ, वाहती, की पातळ? आणि सोलापुरात 'पाण्यासारखी' म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी नळाचा वार आठवतो. आज आलं, आता थेट पुढच्या वारी. माझा नियम साधा आहे. धर्म उघड असेल तर तो गाळा. उघड नसेल तर 'सारखी' गाळा, पण धर्म ठेवा. वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचतो. गाणं ऐकणाऱ्याकडे पुढची ओळ येईपर्यंतचाच वेळ असतो.

'सारखी' गाळलं की आपोआप रूपक होतं. आई आणि चादर यांत भेदच उरत नाही:

आई माझी सोलापुरी चादर गं बाई,
उलटी घ्या, सुलटी घ्या, नक्षी जात नाही

अक्षरं मोजा: 8 आणि 6, दोन्ही ओळींत. केहरव्याच्या आठ मात्रांत पहिली आठ अक्षरं सरळ बसतात, पुढची सहा घेतल्यावर सूर धरायला जागा उरते. दुसऱ्या ओळीत साधारण धर्मही आला, आणि तो 'ऊब' नाही. ऊब कुणीही सांगेल. सोलापुरी चादरीचं खास काय, ते सांगितलं तर रूपक तुमचं होतं.

राहिला वणवा. वणवा म्हणजे वनातली आग. समुद्रातल्या आगीला आपल्याकडे वडवानल असा वेगळा शब्द आहे. तुमच्या ओळीत काळीज, समुद्र आणि रान तिघं एकमेकांच्या अंगावर पडलेत. एका कडव्यात एकच उपमान-घराणं ठेवा. माग घेतलात ना, मग सूत, कांडी, गाठ, पीळ, फणी एवढं भांडवल पुरून उरेल. समुद्र सोलापुरात आणायचं कारण काय?

यमकाबद्दल एवढंच, की 'तिकडे-भडके' कानाला फसवतं. शेवटची अक्षरं डे आणि के. जुळला तो फक्त एकार.

धोटा_आणि_कांडी

मुखड्याबद्दल वरच्यांशी सहमत. पण अंतऱ्याची पहिली ओळ पूर्वभागात (आपल्या विणकरांच्या वस्तीत) कुणी गायली तर लोक हसतील. ताणा धावत नाही.

ताणा म्हणजे उभे धागे. मागच्या बीमवर गुंडाळलेले असतात, ताणलेल्या अवस्थेत फणीतून पुढे येतात आणि विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळलं जाईल तसे हळूहळू सरकतात. इकडून तिकडे पळतो तो धोटा. त्याच्या पोटात आडव्या सुताची कांडी असते. उभे धागे खालीवर फाकले की मधल्या फटीतून धोटा सुटतो, पलीकडे आपटतो, परत येतो. जी खटखट ऐकू येते तिच्यात त्याच्या आपटण्याचा वाटा मोठा.

बापाला धोटाच करा, कारण धोट्याची एक गोष्ट उपमेला फार उपयोगी आहे. तो नुसता धावत नाही. प्रत्येक फेरीत पोटातलं थोडं सूत कापडात ठेवून येतो. कापड वाढत जातं, कांडी रिकामी होत जाते. कांडी संपली की माग थांबवून भरलेली घालावी लागते. बाप म्हणून आणखी काय हवं? ताण्यालाच बाप करायचं असेल तर धावणं सोडा आणि ताण घ्या. उभा, दोन्हीकडून ताणलेला, तुटेपर्यंत हलत नाही. तेही चित्र खरं आहे, पण वेगळ्या माणसाचं.

उलटी-सुलटीची ओळ बरोबर आहे. आपल्या जॅकार्डच्या चादरीत नक्षी दोन्ही अंगांनी दिसते, रंग मात्र उलटतात. एका बाजूला लालावर पांढरं फूल असेल तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर लाल. इथे एक विरोधाभास नुसता उचलायचा बाकी आहे: रंग उलटला तरी फूल तेच. दुसऱ्या अंतऱ्यात वापरा.

एक सावधगिरी. नवीन रॅपिअर मागांत धोटा नसतो. गाण्यात धोटा आला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जुना माग उभा राहणार. ते तुम्हाला चालतंय ना, एवढं बघा.

तुल्ययोगिता

'माग'च्या श्लेषाकडे येते. आधी एक गफलत दूर करू, ती गीतकारांकडून नेहमी होते. शब्द एकदाच आला आणि दोन अर्थ दिले तर श्लेष. तोच शब्द दोनदा आला आणि दर वेळी वेगळा अर्थ दिला तर ते यमक. म्हणजे,

माग सोडून बाप गेला, पोरं काढती माग

हा श्लेष नाही. हे अस्सल यमक आहे. श्लेष हवा असेल तर:

गल्लीत या शेवटी बापाचा माग लागला

माग लागला, म्हणजे ठावठिकाणा सापडला. आणि माग लागला, म्हणजे यंत्र बसलं. दोन्ही अर्थ एका दमात.

पण गाण्यासाठी मी यमकाच्या बाजूने आहे. श्लेष ऐकणाऱ्याकडून थांबण्याची अपेक्षा करतो आणि ठेका थांबत नाही. श्लेष घालायचाच असेल तर मुखड्यात घाला. मुखडा चार-पाच वेळा परत येतो, तिसऱ्या खेपेला दुसरा अर्थ उलगडतो. अंतऱ्यात एकदाच येऊन गेलेला श्लेष बहुधा वाया जातो. दुसरं, आपल्या शहरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे भरपूर आहेत. चादरीचं रूपक त्यांच्यापर्यंत लगेच पोचतं, ते वस्तूवर उभं आहे. श्लेष शब्दावर उभा असतो. मराठी मुरलेली नसेल तर तो हातातून निसटतो.

श्लेषासाठी 'माग'पेक्षा 'गाठ' जास्त मऊ आहे. तुटलेल्या धाग्याची गाठ, भेटीची गाठ, लग्नाची गाठ. 'सूत जुळणं' घ्या. रोज वापरून हे रूपक इतकं झिजलंय की त्यातलं सूत कुणाला दिसत नाही. मागावरच्या गाण्यात खऱ्या सुताशेजारी ठेवलंत की मेलेलं रूपक उठून बसेल. 'पीळ' पण तसाच. 'कांडी'त तर जादूची कांडी आयती आहे.

आता ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो अलंकार. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त चार सांगितलेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढच्या ग्रंथकारांनी यादी वाढवत नेली, पण ज्या ग्रंथाला रंगमंच आणि गाणं दोन्ही सांभाळायचं होतं त्याचं काम चारांत भागलं. यातला दीपक गीतकाराने वापरायलाच हवा. उंबऱ्यावरचा दिवा आत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड पाडतो, तसं एकच क्रियापद अनेक वाक्यांना पुरतं:

मागावर बाप आणि विड्यांपाशी आई,
उंबऱ्यात दिवा जागे...

'जागे' एकदाच आलंय, पण बाप, आई, दिवा तिघांनाही लागतं. इथे 'जागतो' घालू नका. जागतो म्हटलं की ते एकट्या दिव्याचं होतं आणि आई सुटते. 'जागे'ला लिंगाची अडचण नाही. जुन्या पद्यातली ही क्रियापदं (जागे, धावे, येई, पाही) गाण्यात टिकून आहेत ती यासाठी. मात्राही वाचतात.

(पंडित येण्याआधी मीच सांगते. उत्तरकालीन शास्त्र काटेकोर लावलं तर वर्णनाचा विषय असलेल्याच सगळ्या गोष्टी एका धर्माने जोडल्या तर ती तुल्ययोगिता, आणि विषय व उपमान मिसळून जोडले तर दीपक. माझं सदस्यनाव बघा आणि सोडून द्या. गाणाऱ्याला फरक पडत नाही.)

लघुगुरू

'विड्यांपाशी' चांगलं केलंत. मी तिथे 'सुपापाशी' सुचवणार होतो, अक्षरं तितकीच. पण सोलापूरबाहेर सूप म्हटलं की धान्य पाखडणारी बाई दिसते. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली तेंदूपानं, हे चित्र इथल्यालाच दिसतं.

माईकवाले_अण्णा

लिहिण्याबद्दल वरच्यांनी सांगितलंय, मी तोंडाबद्दल सांगतो.

शेवटच्या सुरासाठी ओळ आ, ई, ए किंवा ओ यांपैकी कशावर तरी संपवा. मराठीत अकारान्त शब्दाचा शेवटचा अ बोलताना गळतो. आपण माग्, ऊब्, घर् असंच म्हणतो. 'माग'वर चार मात्रा धरायला गेलात की दोनच वाटा. 'मा' लांबवून शेवटी ग मिटवा, किंवा 'मागऽऽ' करा. दुसरी वाट अभंगात शोभते कारण तिथे प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणायचा रिवाज आहे. केहरव्यातल्या आजच्या गाण्यात ती नाटकी वाटते. म्हणून वरच्या ताईंचं 'पोरं काढती माग' यमक म्हणून झकास, पण तुमच्या चालीत ओळीच्या शेवटी नको. मधे घ्या.

अनुप्रासाची हौस असेल तर अक्षर बघून करा. प, फ, ब, भ या ओठांच्या अक्षरांनी हवेचा झोत माईकवर आदळतो आणि 'भप्' असा आवाज रेकॉर्ड होतो. 'भर भट्टीत भाजतो बाप' कागदावर छान, स्टुडिओत चार ठिकाणी फुटेल. पॉप फिल्टर लावा, माईक तोंडासमोरून किंचित तिरका घ्या, तरी सलग भ टाळलेलाच बरा. स आणि श जास्त झाले की शिट्टी वाजल्यासारखं होतं. मागाला मुळात ख आणि ट हवेत. 'खटखट' माईकवर स्वच्छ उमटतं, शिवाय तालवाद्याला जोड मिळते.

तिसरं, शब्द कुठे तुटतो ते बघा. तुमच्या मूळ मुखड्यात चाल समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी उचलली असेल तर 'सोला' समेआधी पडून 'पुरी' पुढच्या आवर्तनात जाण्याची शक्यता आहे. ऐकणाऱ्याला सोला पुऱ्या ऐकू येतील. नको तिथे सभंग श्लेष (शब्द तोडला की दुसरा अर्थ निघतो तो) तो हा. 'आई माझी' चार, 'सोलापुरी' चार, असं घेतलं की शब्द अखंड राहतो.

बोलीबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. 'माग बोलूलालाय' असं एखाद्या ठिकाणी आलं तर शहर लगेच कळतं, आणि निर्जीव मागाला बोलायला लावल्यामुळे चेतनगुणोक्ती पण होते. मात्र ज्या कडव्यात 'जागे', 'धावे' आहे त्यात 'बोलूलालाय' घालू नका. एकाच ताटात दोन घरचं जेवण होतं. बोलीचं कडवं वेगळं ठेवा.

कडकभाकरी

सगळ्यांचे आभार. धोट्याने तर डोळे उघडले. आता असं झालंय:

आई माझी सोलापुरी चादर गं बाई,
उलटी घ्या, सुलटी घ्या, नक्षी जात नाही

धोटा झाला बाप माझा, जाई आणि येई,
फेरी-फेरी सूत सोडी, कांडी रिती होई
मागावर बाप आणि विड्यांपाशी आई,
उंबऱ्यात दिवा जागे, झोप कुणा नाही

'गं बाई' मला भरणा वाटतोय. 'चादर उबेची' आणि खाली 'नक्षी ती नेमाची' केलं तर?

लघुगुरू

नको. उबेची-नेमाची यात जुळला तो फक्त षष्ठीचा प्रत्यय. -ची, -ला, -नी, -तो असे प्रत्यय जुळवले की वाटेल तेवढी यमकं मिळतात, म्हणूनच ती कानाला फुकटची वाटतात. बाई-नाही थोडं सैल आहे (ई आणि ही), पण नाम आणि क्रियापद असं जोडून आलंय, ते जिवंत आहे. आणि 'गं बाई' हा भरणा असला तरी आपल्या लोकगीतांतला मुरलेला भरणा आहे. सोलापूरचेच शाहीर राम जोशी, त्यांच्या लावण्यांत यमक-अनुप्रासाची रेलचेल आहे. तितकी घनता तुमच्या साध्या चालीला पेलणार नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. बाई, नाही, येई, होई, आई, नाही. सहाच्या सहा ओळी एकाच आवाजावर संपतात. मुखडा परत आल्याचं सुख हवं असेल तर अंतऱ्याने आधी दुसरीकडे जायला हवं. पहिल्या दोन ओळींचं यमक बदला, शेवटच्या दोन ओळी मुखड्याच्या यमकावर आणा:

धोटा झाला बाप माझा, धावे रातपाळी,
फेरी-फेरी सूत सोडी, रिता हो सकाळी

8-6 तसंच आहे. सूर अजून ई-वरच धरायचा, पण 'आळी' जुळल्यामुळे वेगळं ऐकू येतं. आणि कांडीचं नाव न घेता धोटा रिता झाला, रात्रही संपली.

तुल्ययोगिता

'झोप कुणा नाही' बदला. एक म्हणजे लगेच पुढे मुखड्यात पुन्हा 'नाही' येणार आहे. दुसरं, तिघं जागे आहेत हे 'जागे'ने सांगून झालंय, मग झोप नाही हे वेगळं कशाला? 'झोप वाट पाही' करा. सहाच अक्षरं, यमक तेच, आणि झोपच दाराशी ताटकळत उभी राहते.

कडकभाकरी

'झोप वाट पाही' घेतलं. 'गं बाई' राहू दे. श्लेष रद्द, 'गाठ' दुसऱ्या अंतऱ्यात रंग उलटणाऱ्या फुलासोबत घेऊन बघतो.

माईकवाले_अण्णा

'फेरी-फेरी'चे दोन फ आहेत, ते म्हणताना मान जरा बाजूला. 'पाही'वर सूर धराल तेव्हा ह हलका ठेवा आणि ई-वर लवकर या. ह वर जोर दिलात तर दम तिथेच जाईल, आणि लगेच मुखडा उचलायचाय.